पातळी

रात्री दोन चाळीसला
पाथर्डी फाट्याची टाकी गप्प होते.
गेले अकरा दिवस, नेमानं.
टाकीत पाणी असतं, पंप शाबूत असतो,
खांबावरचा डबा हिरवा दिवा लावून बसलेला असतो,
फक्त त्याचं बोलणं माझ्यापर्यंत येत नाही.
सात मिनिटं. कधी नऊ.
मग काही झालंच नाही अशा थाटात
परत आकडे: चार पूर्णांक दोन मीटर.
चार पूर्णांक दोन.

बोरस्ते साहेब म्हणाले, हॅकर असणार.
हा शब्द ते नव्या जावयासारखा वागवतात,
जपून, आणि जरा मोठ्यानं.
मी रात्रीच्या नोंदी उघडून दाखवल्या.
हॅकर रोजच येतात, साहेब.
कुठल्या कुठल्या देशांतून
कडी हलवून बघतात: ॲडमिन, ॲडमिन एक दोन तीन.
दार लागलेलं दिसलं की पुढच्या घरी.
गेल्या वर्षी एकाला उघडं सापडलं होतं.
पासवर्ड होता तुमच्या कन्येचं नाव
आणि पुढे तिचं जन्मसाल.
साहेबांनी चहा मागवला.

हे तसं नव्हतं.
इथं दाराला कुणी हात लावत नव्हतं.
कुणीतरी गल्लीत उभं राहून नुसतं ओरडत होतं,
इतकं, की घरातल्याला घरातलं ऐकू येईना.

बाराव्या रात्री टाकीच्या भिंतीलगत
स्कूटर लावून बसले, अँटेना मांडीवर.
सोबत वाळीबा, व्हॉल्व्हमन,
सव्वीस वर्षं टाकीला कान लावून पातळी सांगणारा.
स्क्रीनवरची रेघ त्याला समजावताना
माझे शब्द संपले, तेव्हा त्यानंच विचारलं,
म्हणजे आपला दुतोंड्या मारुती?

हो रे. तोच.
सिग्नल जागच्या जागी उभा असतो.
गोंगाट चढत जातो. गुडघा. कंबर. छाती.
डोक्यावरून गेला तरी
मारुती कुठं जात नाही,
आपल्याला दिसायचा थांबतो.

दोन एकोणचाळीस.
कंबर, वाळीबा म्हणाला.
अंबडकडून एक ट्रक आला, दिवे मालवले.
छाती.
मग पडद्यावर नुसतं पाणीच पाणी.

केबिनमध्ये सुखदेव अहिरराव,
शर्ट वर केलेला, पोटात सुई.
शेजारी बर्फाचा थर्मास, कळण्याची भाकरी,
आणि सिगारेट पेटवायच्या भोकात
काळी डबी, तीन छोट्या शेंड्या. अठराशे रुपये.
मालक मोबाईलवर गाडी बघतो, ताई.
थांबलो की फोन.
साखरेचं कळलं तर उद्यापासून गाडी दुसऱ्याची.
पाण्याच्या टाकीचं सांगितलं
तेव्हा तो सुई हातात तशीच धरून
बराच वेळ वर बघत राहिला.
मला वाटलं, फक्त माझीच गाडी दिसेनाशी होते.

डबी मी काढून घेतली. घ्यावीच लागते.
उद्या याच मिनिटाला एखादी रुग्णवाहिका
रस्ता विचारत इथून जाईल, हेही सांगितलं.
त्यानं मान हलवली, भाकरी अर्धी गुंडाळली.

अहवालात लिहिलं, स्रोत फिरता, बंदोबस्त केला.
नाव विचारणारा रकाना होता. रिकामा सोडला.
पावसाळ्याआधी जमिनीखालून तार टाकून घेतली,
एक वाट कुणी बुजवली तर टाकीला दुसरी असावी.
साहेबांच्या टेबलावर नवा पासवर्ड
चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला सापडला,
तो फाडला, दुसरा पाठ करून घेतला,
दोन दिवस लागले.

वाळीबा अजून कानानंच पातळी सांगतो.
परवा चार सेंटीमीटर चुकला, तर मशीनवर चिडला.

दोन चाळीसला मी आता जागी असण्याचं कारण नाही.
तरी असते.
आकडे येत राहतात, चार पूर्णांक दोन,
चार पूर्णांक दोन,
ट्रक थांबला की तसाच पुढं गेला
हे त्यात येत नाही.